कडकन वाजलं म्हणजे खांदा सुटला का?

आधी एक काम करा. पुरवणी जरा बाजूला ठेवा. उजवा हात डोक्यावरून मागे नेऊन पाठीवर टेकवा, डावा हात कमरेकडून पाठीवर वर सरकवा. दोन्ही हातांची बोटं भेटतात का बघा. नाही भेटली तर लगेच घाबरू नका, माझीपण एका बाजूने भेटत नाहीत. आता हेच घरी आईला करायला सांगा. ती आधी हसेल, मग "मले काय परीक्षा द्याची हाय काय?" असं म्हणेल आणि बहुतेक स्वयंपाकघरात निघून जाईल. ती का निघून गेली, ते मात्र बघून ठेवा.

माझी आई जवळजवळ वर्षभर अशीच निघून जात होती. आम्ही नांदुऱ्याचे. आई घरी शिलाई करते, सणासुदीला आणि लग्नसराईत ब्लाऊजांचे गठ्ठे पडलेले असतात. मागच्या दिवाळीच्या साफसफाईनंतर फळीवरचे डबे खालच्या कप्प्यात आले. आम्हाला वाटलं, नव्याने आवरलंय. वेणी गेली, सैल बुचडा आला. आम्हाला वाटलं, वय झालं. दुसऱ्यांचे मागच्या हुकाचे ब्लाऊज शिवणारी बाई स्वतः मात्र पुढच्या हुकाचेच घालायला लागली, आणि हे तर आमच्या लक्षातही आलं नाही. शेवटी एका रात्री ती बसून झोपलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "काई नाई, हात दुखते थोडासा. होईन कमी."

आता माझी चूक सांगते. मी मास कम्युनिकेशन शिकलेली मुलगी. व्हायरल व्हिडिओची सत्यता कशी तपासायची, यावर मी असाइनमेंट लिहिलंय आणि त्यात चांगले मार्कही घेतलेत. तरीही आईचा खांदा धरलाय म्हटल्यावर मी पहिलं काय केलं? रील शोधली. तुम्हीपण पाहिल्या असतील. टेबलावर एक माणूस पालथा, त्याच्या मानेला टॉवेल, कॉलरला माइक लावलेला एक 'डॉक्टर', एक झटका, कडकन आवाज, आणि लगेच पेशंटच्या चेहऱ्यावर हसू. 'दहा वर्षांचं दुखणं दहा सेकंदांत.' त्यातलाच एक जण आमच्यापासून दोनेक तासांवरच्या शहरात हॉल घेऊन बसला होता. पाटीवर ऑस्टिओपॅथी, कायरोप्रॅक्टिक, नस-सेटिंग असं सगळं एकाखाली एक. फी १५०० रुपये, एकदाच. मी आणि भाऊ आईला घेऊन गेलो.

त्याने आईला शुगर आहे का, हे विचारलं नाही. एक्स-रे काढला का, हेही नाही. मान डावीकडे, झटका, कडकन. मग हात धरून वर, झटका. आई ओरडली. तो म्हणाला, "आता वर करा." आईने हात वर केला, खरंच आधीपेक्षा वर गेला. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

त्या रात्री आई अजिबात झोपली नाही. पुढचे तीन आठवडे तिला कात्रीही धरवली नाही. लग्नसराईची कामं शेजारच्या काकूंकडे गेली.

मग आम्ही रीतसर हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे झाला, शुगर तपासली, निदान झालं: फ्रोझन शोल्डर. तिथून खामगावच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या टाळ्यांचा अर्थ सांगितला. आईला हात वर करायला सांगितला, गेला. मग त्यांनी आपल्या तळव्याने आईच्या पाठीचं फरं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, घट्ट दाबून धरलं आणि म्हणाल्या, "आता करा." हात ७० अंशांवरच अडकला. म्हणजे इतके दिवस आई खांद्यातून हात उचलतच नव्हती. फरं वर ढकलून, कंबर वाकवून ती हात वर 'दाखवत' होती. लोक बघत असले, कॅमेरा चालू असला की माणूस आणखी जोर लावून वाकतो. आणि तो कडकन आवाज? तो मुळात मानेतून आला होता. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. बोटं मोडतो तसाच. त्याने खांदा सुटला की नाही, हे काहीच कळत नाही.

हे समजायला खांद्याची रचना थोडी माहीत हवी, एवढं ऐकून घ्या. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती उथळ. म्हणून तर आपला खांदा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे. हात समोरून वर नेला तर १८० अंश जातो, कोपर अंगाला लावून बाहेर वळवला तर साधारण ९०. या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये ते सुजतं, मग जाड होतं आणि आकसतं. धुतल्यावर आटलेल्या सुती कापडासारखं, असं आईला सांगितलं तेव्हा तिला ते एका वाक्यात पटलं. सर्वात आधी जाते ती हात बाहेर वळवण्याची हालचाल. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात जाम, मग हळूहळू मोकळं होणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागू शकतात. चाळीस ते साठ या वयात जास्त, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकेच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने १९३४ साली दिलं. आपल्याकडे आयुर्वेदात अशाच दुखण्याला अवबाहुक म्हणतात, म्हणजे हा काही मोबाईलच्या जमान्यातला नवा आजार नाही.

आटलेलं कापड झटका मारून ताणलं तर काय होतं, हे शिलाईवालीला वेगळं सांगायला नको. दवाखान्यात भूल देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीत खांदा जोराने फिरवण्याचा एक रीतसर उपचार आहे. पण त्यातही दंडाचं हाड मोडण्याचा धोका डॉक्टर आधी सांगतात आणि सही घेतात. हॉलमध्ये सही कोण घेतं?

त्या पाटीवरचा 'ऑस्टिओपॅथी' हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. हा सगळाच प्रकार थोतांड असणार असं समजून मी वाचायला बसले, आणि इथे माझा दुसरा गैरसमज निघाला. ही पद्धत अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये मांडली. त्याची तीन मुलं मेंदूज्वराने गेली होती आणि तेव्हाच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. १८९२ मध्ये त्याने मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली. आज अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनही करतात. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या शिक्षणाचे निकष छापले, त्यात नव्याने शिकणाऱ्यासाठी ४,२०० तासांचा अभ्यासक्रम सांगितलाय आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली पेशंटसोबत. रील बनवायला किती तास लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि खांद्यासाठी या लोकांचं जे सगळ्यात प्रसिद्ध तंत्र आहे, त्यात झटका नाहीच! स्पेन्सर तंत्र म्हणतात त्याला, चार्ल्स स्पेन्सरने १९१६ मध्ये मांडलेलं. पेशंट कुशीवर झोपतो, दुखरा खांदा वरच्या बाजूला. उपचार करणारा एका हाताने फरं आणि खांदा स्थिर धरतो, दुसऱ्या हाताने कोपरात दुमडलेला हात फिरवतो. मागे, पुढे, लहान गोल, थोडं ओढून मोठा गोल, बाजूला, आतल्या बाजूला, आणि शेवटी हलकं पंपासारखं ओढणं-सोडणं. असे सात टप्पे. प्रत्येक ठिकाणी हात जिथे अडतो तिथेच थांबायचं. पेशंटने त्या जागेवरून हलकासा उलटा जोर लावायचा, मग सोडायचा, की हात दोन बोटं पुढे सरकतो. बस्स. असली रील कोण बघणार? वीस मिनिटांत एकदाही काही वाजत नाही.

२००२ मध्ये अमेरिकेत याच तंत्रावर एक अभ्यास छापून आला. खांद्याची तक्रार असलेली २९ वयस्क माणसं, दोन गट, १४ आठवडे. एका गटाला खरे उपचार, दुसऱ्याला उपचारासारखे दिसणारे, पण मुख्य भाग वगळलेले. गंमत म्हणजे त्या काळात दोन्ही गटांची हालचाल सुधारली, दुखणंही कमी झालं. फरक पडला तो उपचार थांबल्यानंतर. खऱ्या उपचारांच्या गटाची हालचाल वाढत राहिली, दुसऱ्याची मागे आली. २९ म्हणजे फार लहान आकडा आहे, त्यावर ढोल वाजवायचं कारण नाही. पण मला यातली पहिली गोष्टच जास्त महत्त्वाची वाटते. कुणीतरी नियमाने, काळजीने तुमचा हात हातात घेतं, यानेही माणूस काही काळ बरा होतो. झटकेवाल्याकडून हसत निघालेले सगळेच खोटं बोलत नसतात. पण ते हसू तिसऱ्या आठवड्यात कुठे असतं, हे रीलमध्ये कधीच येत नाही.

हाताने करायच्या उपचारांची बाजू घेताना उलट बाजूही सांगायला हवी. २०१४ मध्ये फ्रोझन शोल्डरवरच्या ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून दिसलं की सुरुवातीच्या काही आठवड्यांत नुसत्या हाताच्या उपचार-व्यायामांपेक्षा सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बहुधा जास्त आराम देतं. २०२० मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ५०३ पेशंटचा. भूल देऊन खांदा फिरवणं, दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि इंजेक्शनसोबत ठरवून दिलेली फिजिओथेरपी, अशा तिघांची तुलना. वर्षभराने तिन्ही गटांतले लोक बरेच सुधारले होते आणि कोणताही एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे ज्याच्या खिशाला ऑपरेशन झेपत नाही, त्याने हरल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही. माझ्या दृष्टीने आपल्या भागासाठी याहून मोठी बातमी नाही, पण तिला 'कडकन' आवाज नसल्यामुळे ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

आईचं पुढे काय झालं? डॉक्टरांनी शुगर ताब्यात आणायला सांगितली, एक इंजेक्शन दिलं (मधुमेहात त्यानंतर काही दिवस शुगर वाढू शकते, म्हणून तपासत राहायला सांगितलं), आणि आठवड्यातून दोनदा खामगाव. मॅडमकडे एक दोन पट्ट्यांचं यंत्र होतं, आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मोठ्या भावासारखं. पहिल्या दिवशी हात बाहेर वळला तो फक्त १० अंश. शेक, मग हाताने सांधा हळूहळू सरकवणं, मग घरी करायचे व्यायाम: भिंतीवर बोटांनी चढणं, वाकून हात झोक्यासारखा सोडणं, काठी धरून बाहेर ढकलणं. आई दुसऱ्या खेपेला बसमध्ये म्हणाली, "हे बाई हात लावते तं भेव नाई वाटत. तो तं झोंबीच खेळला माह्यासंगं."

बारा आठवड्यांनी बाहेरचं वळण ४५ वर आलं, हात वर १४० पर्यंत. पूर्ण नाही. पण हे मॅडमच्या हातांनी झालं असं म्हटलं की त्या चिडतात. त्यांचा हिशेब सरळ आहे: आठवड्यातले ४० मिनिटं त्यांचे, बाकीचा सगळा आठवडा आईचा. हाताने सांधा जरा मोकळा होतो, तेवढ्यात घरचा व्यायाम केला तर मिळालेले अंश टिकतात, नाहीतर पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून.

आता पैशांचं बोलू, कारण पेपरात असल्या लेखांमध्ये ते कुणी बोलत नाही. एका खेपेचे ३०० रुपये, बारा आठवड्यांच्या चोवीस खेपा. शिवाय एसटी, आणि प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची शिलाई बुडाली. आई दोनदा म्हणाली, "बस झालं आता." झटकेवाल्याचा धंदा का चालतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तो १५०० घेतो, पण एकदाच घेतो. कापूस वेचणाऱ्या बाईला, जिनिंगमध्ये गठाणी उचलणाऱ्या माणसाला 'आठवड्यातून दोनदा या' हे सांगणं म्हणजे 'येऊ नका' असं सांगण्यासारखंच आहे. अशा माणसाला अडाणी म्हणून हसायचा हक्क आपल्याला नाही. मला तर मुळीच नाही.

म्हणून माझं मत असं आहे, पटलं तर बघा. फिजिओथेरपी ही शहरातल्या क्रिकेटपटूंची चैन नाही. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, तेव्हा समोर पोलिओने लुळी पडलेली मुलं होती. गरिबाच्या गरजेतूनच ही शाखा इथे रुजली. आज आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम आहे, दरवर्षी तुमच्याआमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्याला जातं आणि पुण्या-मुंबईत राहतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातले ठरलेले दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसलाच पाहिजे, बाजाराच्या दिवशी बसला तर आणखी चांगलं. बायका बाजाराला येतातच. पंचायत समितीच्या निवडणुकीत कुणी हात जोडून दारात आलं की आपण रस्ता आणि पाणी मागतो. पुढच्या वेळी हेही मागून बघा. खांदा ही काही मागायची गोष्ट आहे का, असं वाटेल. आईच्या वयाच्या दहा जणींना तो पाठीमागचा हात करायला लावा, मग ठरवा.

आणि तोवर? पाटीवर काहीही लिहिलेलं असो, विचारायला लाजू नका: शिक्षण काय, कुठे, किती वर्षं? फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागा. शुगर आहे का, पडलात का, हाडं ठिसूळ आहेत का, हे न विचारता जो हात धरतो, तिथून उठून या. पाहुण्यांनी पत्ता दिलाय म्हणून संकोच करू नका. आजीचं तिळाचं तेल आणि शेक चालू द्या, त्याने बरं वाटतं. फक्त तेल लावताना ओढाताण नको. आणि डाव्या खांद्यात अचानक दुखून घाम फुटला, छाती भरून आली, तर तो खांद्याचा विषय नाही. सरळ दवाखाना गाठा.

हे सगळं आईच्या वयाचं आहे, आपलं काय, असं म्हणत असाल तर माझ्या भावाला भेटा. तो पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी १५ गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा चार किलोचा. आमच्याकडे सकाळी हायवेला, १०५ फुटी मारुतीच्या बाजूला जाऊन बघा, किती पोरं-पोरी धावतात. दुपारी हीच पोरं अभ्यासिकेत आठ-आठ तास खांदे पुढे पाडून बसतात आणि संध्याकाळी वॉर्मअप न करता गोळा फेकतात. भावाचा खांदा फेब्रुवारीपासून दुखतोय. त्याचा फ्रोझन शोल्डर नाही, स्नायूच्या दोरीला सूज आहे, म्हणून उपचारही वेगळे. महिनाभर गोळा बंद, रबराच्या पट्ट्याचे व्यायाम चालू. त्याच्या ग्रुपमधल्या एकाने त्याला काय पाठवलं असेल, सांगा बरं? तोच हॉल, तोच टॉवेल, नवी तारीख. भावाने उत्तरात आईच्या त्या तीन आठवड्यांबद्दल लिहिलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, पण दोघांनी त्याला वेगळा मेसेज करून खामगावचा पत्ता मागितला.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. आई बोटांनी भिंत चढते आणि जिथे अडते तिथे भाऊ रेघ मारतो, बाजूला तारीख. लहानपणी आमची उंची मोजायची तीच भिंत, त्या जुन्या रेघा अजून खाली दिसतात. परवाची रेघ फळीच्या चार बोटं खाली आहे. डबे अजून खालच्या कप्प्यातच आहेत. मी वर ठेवू का म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "राहू दे, मी ठेवीन."